स्मार्टबोर्ड तोच, फाईल तीच, मग तास वेगळा का होतो?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या हायस्कुलात (गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, नाव राहू दे) सातवीच्या दोन तुकड्या, अ आणि ब. गणिताला दोन्हीकडे वेगळे शिक्षक. अ ला एक तरुण सर, आणि ब ला एक बाई ज्यांची रिटायरमेंट दोन वर्षांवर आलीय. धडा एकच होता, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश. जिओजेब्राची फाईल मी करून दिलेली, कारण मी शिकवतो विज्ञान पण स्टाफरूममध्ये कोणाची केबल अडली, कोणाचा पासवर्ड विसरला, की हाक मलाच.

जिओजेब्रा माहीत नसेल तर, फुकट मिळणारं गणिताचं सॉफ्टवेअर आहे ते. पडद्यावर एक त्रिकोण काढलेला, कुठलंही टोक बोटाने धरून ओढायचं, त्रिकोण वाकडातिकडा होतो आणि बाजूला तीन कोनांची मापं बदलत राहतात. मुलांनी मापं वहीत उतरवून बेरीज करायची. बस एवढंच.

अ तुकडीत मी मागच्या बाकावर बसलेलो, फाईल नीट चालते का बघायला. एका मुलाने टोक ओढलं, मापं आली 41.24, 62.48 आणि 76.29. करा बेरीज. 180.01. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हांगा इल्लें चड येता", म्हणजे इथे थोडं जास्त येतंय. सरांनी हसून सांगितलं, "अरे ते थोडं इकडेतिकडे होतं, 180 लिही", आणि पुढच्या मुलाला बोलावलं. चुकीचं काहीच नाही त्यात, बेल व्हायला आठ मिनिटं होती आणि त्यांनी शेवटाला एक छान क्विझ बनवून ठेवलेली, ती झाली, मुलं ओरडली, मजा आली, तास संपला.

दुसऱ्या दिवशी ब तुकडीत 38.23, 57.45 आणि 84.31 आलं. बेरीज 179.99. बाई फळ्याकडे बघत गप्प उभ्या राहिल्या. मला वाटलं आता मला हाक मारणार. त्या मुलांकडे वळून म्हणाल्या, "खरंच गे, कमी येतंय. मला पण नाही कळत का ते. तुम्हाला काय वाटतं?" मग काय, कोण म्हणतो मशीन बिघडलंय, कोण म्हणतो बोट नीट लागलं नाही, आणि एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती कोंकणीत म्हणाली की फूटपट्टीने मोजताना पण आपण जवळचं माप घेतो ना, तसं हे मशीन पण जवळचं घेत असेल. बाईंनी विचारलं, मग ह्याला जास्त आकडे दाखवायला सांगता येतं का, मला येत नाही, कोणाला येतं? एक मुलगा उठला, सेटिंगमध्ये जाऊन दशांश स्थळं दोनाची तीन केली. 38.234, 57.453, 84.313. बेरीज 180.000. वर्गात असा आवाज झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

तर प्रश्न असा की ह्या दोन तासांत फरक कशामुळे पडला? डिजिटल स्किल म्हणाल तर सरांचं बाईंच्या दहा पट. बाईंना वर्षभरापूर्वीपर्यंत स्मार्टबोर्ड चालू करायला पण मुलगा लागायचा.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. ह्यावरून कोणी 'बघा, जुने शिक्षक ते जुने शिक्षक, टेक्नॉलॉजी काय कामाची' असं म्हणणार असेल तर ते नाही. बाईंचा पोर्शन कायम मागे असतो, वह्या तपासून महिना-महिना येत नाहीत, आणि ती फाईल नसती तर 179.99 आलंच नसतं, फळ्यावर कोनमापकाने कोण दोन दशांश मोजतो? म्हणजे टेक्नॉलॉजीने प्रश्न वर्गात आणला. त्या प्रश्नाचं पुढे काय करायचं हे मात्र माणसावर गेलं.

आता ह्या 'माणसावर गेलं' म्हणजे नक्की काय. स्वभाव मोजायचा तर मानसशास्त्रात सगळ्यात जास्त वापरली जाते ती 'बिग फाइव्ह' नावाची पद्धत. पाच पट्ट्या समजा, प्रत्येकावर माणूस कुठेतरी मध्ये असतो. अमका 'ह्या टाईपचा' आणि तमका 'त्या टाईपचा' असे डबे नाहीत त्यात, पट्ट्याच आहेत.

पहिली, नव्याची ओढ. दर चवथीला माटोळीत (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती चौकट) काहीतरी न बघितलेलं रानफळ शोधून आणून बांधणारा माणूस तुमच्या वाड्यावर असेल, तो ह्या पट्टीवर वर. दुसरी नेटकेपणा, म्हणजे पाठ टाचण सोमवारी सकाळी टेबलावर, खडूचे तुकडे पण डबीत. तिसरी माणसांत रमणं, देवळाकडून घरी यायची वाट दहा मिनिटांची पण जत्रेच्या दिवशी दीड तास लागतो, वाटेत सगळ्यांशी बोलायचं असतं. चौथी जुळवून घेणं, मायाळूपणा म्हणा, ज्याला स्टाफ मीटिंगमध्ये कधी नाही म्हणता येत नाही. आणि पाचवी मनाचं स्थैर्य, म्हणजे भर तासाला करंट गेला, प्रोजेक्टर बंद, 38 पोरं ओरडतायत, आणि ह्याच्या छातीत धडधडत नाही.

वाचता वाचता तुम्ही स्वतःला आणि नवऱ्याला-बायकोला मार्क दिले असणार, सगळेच देतात.

शिक्षकांचा स्वभाव आणि शिकवण्याचा दर्जा ह्यावर खूप अभ्यास झालेत, आणि 2019 मध्ये किम, यॉर्ग आणि क्लासेन ह्या तीन संशोधकांनी त्यातले 25 अभ्यास, मिळून 6294 शिक्षक, एकत्र करून बघितले. निघालं काय तर पाचातल्या चार गोष्टींचा चांगल्या शिकवण्याशी संबंध आहे. पण संबंध लहान आहे. म्हणजे स्वभाव कळला म्हणून शिक्षक कसा शिकवेल हे सांगता येईल असं अजिबात नाही, ज्योतिषासारखं वापरायचं नाही ते. आणि ज्या एका गोष्टीचा शिकवण्याशी संबंध दिसला नाही ती कुठली? चौथी. जुळवून घेणं.

मला हे वाचून धक्काच बसला होता, कारण आपल्याकडे चांगला शिक्षक म्हटला की पहिला शब्द येतो प्रेमळ. मला स्वतःला ह्याचं कारण असं वाटतं (हे माझं, त्या तिघांचं नाही) की नुसता मायाळूपणा दोन्ही बाजूंनी जातो. मूल अडलं की मायाळू शिक्षक पटकन उत्तर देऊन टाकतो, त्याला बघवत नाही. तेच उत्तर दोन मिनिटं रोखून धरायला थोडा कठोरपणा लागतो. ब तुकडीच्या बाई मुलांच्या भाषेत 'खट' आहेत, कोण त्यांना प्रेमळ म्हणत नाही.

त्याच अभ्यासात थकून जाण्याचं पण बघितलंय, शिक्षक आतून संपून जातो ना, ज्याला बर्नआऊट म्हणतात ते. मनाचं स्थैर्य, माणसांत रमणं आणि नेटकेपणा ज्यांच्यात जास्त त्यांच्यात ते कमी दिसलं. हे आमच्या स्टाफरूममध्ये बघून पटतं.

आता दुसरी बाजू, डिजिटल स्किल. इथे सगळ्यात मोठा घोळ हा की आपण त्याचा अर्थ 'बटणं कुठली दाबायची' असा घेतो. युरोपियन कमिशनने 2017 मध्ये शिक्षकांच्या डिजिटल कौशल्यांची एक चौकट काढली, त्यात सहा भागांत 22 कौशल्यं आहेत, आणि मजा म्हणजे नुसतं मशीन चालवणं असा वेगळा भागच नाही त्यात. साधन निवडणं आहे, मुलांना त्यातून बोलतं करणं आहे, तपासणं आहे, प्रत्येक मुलाला त्याच्या वेगाने जाऊ देणं आहे. बटणं दाबता येतात हे गृहीत धरून पुढचं सगळं.

ह्याच्याही आधीची एक कल्पना आहे, ती समजून घेण्यासारखी आहे, आणि ती समजावायला मला भजनापेक्षा चांगलं काही सुचत नाही. 1986 मध्ये ली शुलमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सांगितलं की विषय येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, हे कोणालाही माहीत आहे, पण तिसरी पण एक गोष्ट असते, 'हा विषय शिकवता येणं'. अपूर्णांक शिकवताना मुलं नेमकी कुठे घसरतात, कुठलं उदाहरण दिलं की उलट गोंधळ वाढतो, हे ना गणिताच्या पुस्तकात असतं ना बीएडच्या. मग 2006 मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर ह्यांनी त्यात टेक्नॉलॉजी जोडली आणि त्याला 'टीपॅक' म्हणतात. भजनात बघा, गाणारा चांगला आहे, पेटीवाला चांगला आहे, पखवाज वाजवणारा चांगला आहे, म्हणून भजन चांगलं होतंच असं नाही. तिघांनी एकमेकांचं ऐकायला लागतं, गाणाऱ्याने श्वास घेतला की पेटीने जागा भरायची, ते तिघांतल्या कोणाकडेच एकट्याकडे नसतं. विषय, शिकवणं आणि साधन, ह्या तिघांचं तसंच.

180.01 वाल्या प्रसंगात तीन गोष्टी एका क्षणात एकत्र लागतात. गणित असं की, मापं दोन दशांशाला जवळच्या आकड्यावर आणली की हिशेबाने चारातल्या साधारण एका त्रिकोणात बेरीज चुकणारच, मशीन बिघडलेलं नाही. साधनाचं ज्ञान असं की दशांश स्थळं वाढवता येतात. आणि शिकवण्याचं असं की ह्या वयाचं मूल 'मशीन सांगतं तेच खरं' मानतं, तर हीच वेळ आहे त्याला धक्का द्यायची. सरांना पहिल्या दोन गोष्टी चोख येत होत्या. बाईंना एकही धड येत नव्हती! पहिली तर त्यांनी कबूल केली की येत नाही म्हणून, दुसरी मुलाने केली. त्यांच्याकडे तिसरी होती, आणि 'मला येत नाही' असं चाळीस पोरांसमोर म्हणताना न डगमगणं होतं, आणि ह्या शेवटच्याला कौशल्य म्हणता येत नाही, तो स्वभावच.

मग स्वभाव आणि स्किल एकमेकांत मिसळतात कुठे? माझ्या मते लक्षात. लक्ष म्हणजे आपलं अवधान. माणसाच्या डोक्यात एका वेळी थोडंच काही मावतं, हे मानसशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. तर शिक्षक वर्गात येताना लक्षाची एक कळशी घेऊन येतो समजा. केबल कुठली, आवाज का येत नाही, पेन का चालत नाही, ह्यात अर्धी कळशी सांडली तर मुलांच्या तोंडाकडे बघायला उरतं काय? चौथ्या बाकावरच्या पोराच्या कपाळावर आठी आलीय हे दिसतच नाही. डिजिटल स्किलचा पहिला आणि खरा फायदा हा, ते कळशी सांडू देत नाही. पण वाचलेलं पाणी कुठे घालायचं हे स्किल सांगत नाही, ते स्वभाव ठरवतो. सरांना माणसांत रमायला आवडतं, वेग आवडतो, टाळ्या आवडतात, त्यांचं वाचलेलं लक्ष क्विझकडे गेलं. मी पडलो घाबरट आणि नेटका, माझं जातं स्लाइडकडे.

माझी गोष्ट सांगतो, म्हणजे दुसऱ्यांवर बोट ठेवल्यासारखं नको. प्रकाशाच्या परावर्तनावर मी 42 स्लाइड बनवलेल्या, रात्री दीड वाजेपर्यंत बसून, प्रत्येकीवर व्याख्या, बाण, रंग, आणि वर्गात काय केलं तर त्या वाचून दाखवल्या. अक्षरशः वाचून. रिचर्ड मेयर नावाचे कॅलिफोर्नियाचे संशोधक वर्षानुवर्षं हेच तपासतायत की चित्र, आवाज आणि मजकूर कसे मांडले तर माणूस शिकतो, आणि त्यांचं एक निरीक्षण असं की चित्र दाखवून तोंडाने सांगत असाल तर तोच मजकूर परत पडद्यावर लिहिल्याने सहसा फायदा होत नाही, उलट अडथळा होतो, कारण डोळे वाचायला जातात आणि कान ऐकायला आणि मूल दोन्हींचा मेळ घालत बसतं. मला पॉवरपॉइंट येत नव्हतं म्हणून हे झालं का? उलट फार येत होतं. चूक व्हायची भीती होती, ती भीती मी स्लाइडच्या मागे लपवली. पॉवरपॉइंटचं ट्रेनिंग मला अजून दहा दिलं असतं तर 42 च्या 60 झाल्या असत्या.

मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात एक साधी गोष्ट मोजली होती, शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतो. बहुतेक ठिकाणी जेमतेम एक सेकंद. आणि तो वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केला की मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलायला लागतात, 'माहीत नाही' कमी होतं. हे वाचून मी एकदा माझाच तास मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि रात्री ऐकला. प्रश्न विचारून 'एक हजार एक' मनात म्हणून होत नाही तोच माझाच आवाज, उत्तर देत. तीन सेकंद किती लांब असतात हे वर्गात उभं राहून बघा, घाम येतो. बडबड्या माणसाला ती शांतता भरून काढावीशी वाटते, घाबरट माणसाला ती शांतता म्हणजे आपण फसलो असं वाटतं, आणि त्यात हातात क्लिकर असेल तर अंगठा आपोआप पुढची स्लाइड दाबतो. बाई 179.99 समोर गप्प उभ्या राहिल्या त्या मी मोजल्या नाहीत, पण दहा-बारा सेकंद तरी असतील.

बरं, बाई स्मार्टबोर्डपर्यंत आल्या कशा हे पण सांगायला हवं, कारण ट्रेनिंगवाल्यांना त्यातून काहीतरी कळेल.

आमचं एक ट्रेनिंग झालेलं, कुठलं ते सोडा, एसी हॉल, चांगलं जेवण, आणि एका दिवसात इतकी ॲप दाखवली की मी मोजायचं सोडलं. शिकवणारा मुलगा हुशार, बोटं अशी चालायची की बघत राहावं. येताना गाडीत बाई म्हणाल्या, "हे बघून एक कळलं, मला हे ह्या जन्मी जमणार नाही." राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान 50 तास प्रशिक्षण घ्यावं. चांगलं आहे. पण 50 तास बसून माणूस 'मला जमणार नाही' हे शिकून आला तर?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा ह्यांनी 1977 मध्ये ह्यावर फार महत्त्वाचं मांडलं होतं. 'मला जमेल' हा विश्वास कुठून येतो? सगळ्यात जास्त स्वतः करून बघितलं आणि जमलं त्यातून. मग आपल्यासारख्याच माणसाला जमताना बघून. मग कोणी धीर दिला तर. आणि त्या वेळी आपल्या शरीराची अवस्था काय आहे, हात थरथरतायत का, ह्यावरून पण. आता बघा, पंचविशीतला पोरगा झटपट करून दाखवतो तेव्हा साठीकडे आलेल्या बाईंना त्यातून काय मिळतं? तो त्यांच्यासारखा नाहीच. बाईंचं कुलूप उघडलं ते शेजारच्या गावातल्या शाळेतल्या त्यांच्याच वयाच्या मैत्रिणीने. तिने भजनाच्या सरावानंतर स्वतःचा मोबाईल काढून दाखवलं की पुस्तकातल्या क्यूआर कोडवर कॅमेरा धरला की दीक्षावरचा (सरकारच्या शिक्षणाच्या ॲपवरचा) व्हिडिओ उघडतो. एकच गोष्ट. बाईंनी ती दुसऱ्या दिवशी वर्गात केली, जमली, त्यांना इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा.

पेगी अर्टमर ह्या अभ्यासिकेने 1999 मध्येच टेक्नॉलॉजी वर्गात न येण्याच्या कारणांचे दोन भाग केलेले, बाहेरचे अडथळे आणि आतले. बाहेरचे म्हणजे मशीन नाही, नेट नाही, वेळ नाही. आतले म्हणजे शिकवणं म्हणजे काय ह्याबद्दलची आपली समजूत आणि विश्वास. गोव्यात बाहेरचे अडथळे कमी करायला पैसा बऱ्यापैकी खर्च झालाय हे मान्य करायला पाहिजे. पर्रीकरांच्या काळातली सायबरएज स्कीम आठवत असेल, पोरांच्या घरी कॉम्प्युटर आलेले. आता सहावी ते आठवीला गोवा सरकारच्या केअर्स योजनेतून कोडिंग आणि रोबोटिक्स आलंय. अजून सत्तरी-सांगेच्या काही भागांत रेंजची बोंब आहेच, आणि जूनच्या पहिल्या पावसात करंट जाणार हे पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं आहे. पण आतल्या अडथळ्यांसाठी टेंडर काढता येत नाही ना.

कोडिंगचा तास तर ह्यासाठी बघण्यासारखा असतो. तिथे पहिल्याच महिन्यात दोन-तीन पोरं शिक्षकाच्या पुढे जातात, ही गोष्ट टाळता येत नाही. ज्याला 'वर्गात मला सगळ्यात जास्त आलंच पाहिजे' असं वाटतं त्याचा जीव जातो, तो मग त्या पोरांना गप्प बसवतो किंवा पुस्तकातलंच करून घेतो. ज्याला नव्याची ओढ आहे तो त्या पोराच्या शेजारी स्टूल घेऊन बसतो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये स्वभाव आणि स्किल वेगवेगळे करून बघायची जणू संधीच मिळालेली. सरांनी त्या वर्षी व्हिडिओ बनवले, खरंच चांगले, मुलं अजून परीक्षेच्या आदल्या दिवशी बघतात, ते काम माझ्याने झालं नसतं. बाईंना गुगल मीट जमेना, त्या संध्याकाळी रोज पाच-सहा घरी फोन करायच्या, आईशी बोलायच्या, मग मुलाला घ्यायला सांगायच्या आणि फोनवर उदाहरण सोडवून घ्यायच्या. कुठलं काम मोठं? मला नाही ठरवता येत. ज्या घरात एकच मोबाईल आणि तो बाबांबरोबर कामाला जातो, त्या घरात व्हिडिओ पोचला नाही. आणि ज्या घरी नेट होतं तिथे पोराने व्हिडिओ चार वेळा मागे करून बघितला, जे फोनवर होत नाही.

गोव्यातली आणखी एक गोष्ट बाहेरच्या अभ्यासांत सापडणार नाही. आमची बरीच मुलं सरकारी मराठी प्रायमरीतून येतात, घरी आणि मैदानात कोंकणी, आणि पाचवीपासून एकदम पुस्तक इंग्रजी. म्हणजे 'रिफ्लेक्शन' कळायच्या आधी 'रिफ्लेक्शन' हा शब्दच कळायला पाहिजे. इथे साधन निवडण्याने फार फरक पडतो. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट म्हणून विज्ञानाच्या सिम्युलेशनचं संकेतस्थळ आहे, फुकट, त्यातली बरीच सिम्युलेशन मराठीत मिळतात. विजेचं सर्किट आधी मराठीत जोडायला दिलं, मग तेच इंग्रजीत उघडलं, की मुलांना एका वेळी एकच ओझं. हे मला दोन वर्षं माहीत होतं आणि मी वापरलं नव्हतं, का तर इंग्रजी माध्यमात मराठी दाखवलं तर कोण काय म्हणेल. आहे की नाही, परत स्वभाव.

मग स्वभाव बदलतो का? हळूहळू बदलतो, वय वाढतं तसा सरासरीने माणूस नेटका आणि शांत होत जातो असं अभ्यास सांगतात. पण त्याची वाट बघत बसायची गरज नाही, कारण स्वभावाच्या विरुद्ध वागता येतं, थोडा वेळ. ब्रायन लिटल नावाचे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ स्वतः प्रचंड एकलकोंडे, पण वर्गात असे रंगून शिकवायचे की कोणाला खरं वाटू नये, आणि व्याख्यान झालं की लोकांनी गाठू नये म्हणून टॉयलेटमध्ये जाऊन बसायचे. मुलांसाठी माणूस तेवढा वेळ दुसरा होऊ शकतो, फक्त नंतर त्याला एकटं बसू द्यायला पाहिजे. आमच्या वेळापत्रकात हे कोण बघतो? लागोपाठ चार तास, मधल्या सुट्टीत ड्युटी, आणि वर ऑनलाईन माहिती भरा.

माझ्यापुरते मी दोन-तीन लहान उपाय केलेत. तासाला जास्तीत जास्त सात स्लाइड. प्रश्न विचारला की क्लिकर टेबलावर ठेवून हात मागे बांधायचे, म्हणजे अंगठा चालत नाही. आणि पाठ टाचण हल्ली चॅटजीपीटीकडून काढतो, खोटं कशाला बोलू, पण एकदा न वाचता प्रिंट मारलेलं त्यात उपक्रम होता 'मुलांना जवळच्या मेट्रो स्टेशनवर घेऊन जा'. डिचोलीत! तेव्हापासून वाचून घेतो, पेन हातात धरून.

त्या 180.01 चं पुढे काय झालं ते राहिलं. अ आणि ब ची मुलं एकाच बालरथातून (शाळेची बस) घरी जातात. तिथे ब मधल्या त्या न बोलणाऱ्या मुलीने अ मधल्या पोराला वहीत करून दाखवलं की तुझं ते 0.01 चड कुठून आलं ते. तो दुसऱ्या दिवशी सरांना गाठायला हजर. सरांचं हे चांगलं की त्यांना राग येत नाही, त्यांनी त्याच संध्याकाळी दोन मिनिटांचा व्हिडिओ बनवला, तीन त्रिकोण, आधी दोन दशांश, मग तीन, आणि दोन्ही वर्गांच्या ग्रुपवर टाकला. बाईंनी तो ब मध्ये लावला, स्वतः, कोणालाही न बोलावता. आणि मग मला येऊन सांगितलं की पुढच्या वर्षी फाईलमध्ये दशांश ठेवूच नको, पूर्ण अंशातच मापं दाखव, बेरीज सरळ 181 येऊ दे, म्हणजे मागच्या बाकावरचा पण उठेल.